काळ्या बोटांचा खेकडा आणि फुटलेले शंख

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या किंवा ठाण्याच्या बाजारात चिंबोऱ्यांच्या टोपलीत एखादा खेकडा वेगळाच दिसला, तर आधी त्याचे मागचे पाय बघा. चिंबोरीची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, कारण ती पोहते. खडपातल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांतल्या खेकड्याचे सगळे पाय टोकदार. तो पोहत नाही, कपारीत अंग रुतवून बसतो. पाठ लंबगोल, गुळगुळीत, जांभळट तपकिरी. डोळे लालसर, आणि डेंग्यांची, म्हणजे नांग्यांची बोटं शाईत बुडवल्यासारखी काळी. आपल्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या या जातीचं शास्त्रीय नाव मेनिपे रुम्फी.

याचे दोन डेंगे सारखे नसतात. बहुतेकांचा उजवा डेंगा जाड, त्याच्या बोटाच्या बुडाशी दाढेसारखा उंचवटा. हा अडकित्ता. डावा त्यामानाने बारीक, धारेचा, कापण्या-ओढण्यासाठी. अडकित्त्यातले स्नायू हळू चालतात, पण दाब जबरदस्त. म्हणून त्याला पळणाऱ्या भक्ष्यामागे धावण्यात रस नाही. शंख, शिणाणे, कालवं, बेसावध छोटे खेकडे, एवढ्यावर त्याचं भागतं. कांदळवनात याचा एक लांबचा नातलग आहे, एपिझँथस डेंटॅटस. तो तिवरांची पानं खाणाऱ्या खेकड्यांवर दबा धरतो. धीर धरून बसायचं आणि एकदाच झडप घालायची, ही रीत दोघांचीही.

जाड शंख एका दाबात फुटत नाही. मग तो फिरवून तोंडाची कडा पकडायची आणि तुकडा तुकडा मोडत आत जायचं. गोगलगाय झाकण लावून आत सरकते, खेकडा कडा सोलत तिच्यामागे जातो. शंखाची कडा जाड असेल किंवा तोंड अरुंद असेल तर बराच वेळ जातो, आणि कधी कधी तो कंटाळून सोडूनही देतो. वाचलेली गोगलगाय मोडलेली कडा पुन्हा बांधते, पण सांधा दिसत राहतो. शंखावर आडवी, वेडीवाकडी रेघ दिसली की समजा, एक हल्ला फसला.

म्हणून खेकडा दिसला नाही तरी किनारा वाचता येतो. कडा दातेरी तुटलेली आणि तुकडे कपारीच्या तोंडाशी पडलेले असतील, तर काम बहुधा खेकड्याचं. शिंपल्याला सुबक गोल भोक असेल, तर ते शिकारी गोगलगायीचं, खेकड्याला असं भोक पाडता येत नाही. सगळे तुकडे गुळगुळीत झिजलेले असतील, तर लाटांचं. फसगत इथेच जास्त होते, झिजलेला शंख लोक उगाच खेकड्याच्या नावावर घालतात.

ठाणे खाडीत चिखल फार, खडप थोडं. धक्क्यांचे दगड, बांधांची पिचिंग (उतारावर बसवलेले दगड), कालवं चिकटलेले खांब, एवढ्याच जागा. नीट बघायचं असेल तर उरणचा किंवा मुंबईचा खडकाळ किनारा बरा. वेळ तिथीवरून काढा: तिथीचा आकडा पाऊणने गुणला की मुंबईच्या भरतीचा साधारण तास मिळतो. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. खाडीच्या वरच्या टोकाला ठाण्याकडे हे सगळं थोडं उशिरा होतं, आणि नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता हवाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जातं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत खडप अर्धवटच उघडं पडतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. रात्री विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावा, त्या उजेडाला खेकडे कमी बुजतात. उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवा, खालचा ओलावा गेला तर तिथले जीव मरतात.

खायचा का? काळ्या बोटांचे सगळे खेकडे विषारी नसतात, पण विषारी खेकड्यांपैकी बऱ्याच जातींची बोटं काळीच असतात. ते विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. जात ओळखू येत नसेल तर टोपलीतून बाजूला काढा, कोळीणबाईंना विचारायलाही लाजू नका.

हाताळायचाच असेल तर मागून, पाठीच्या कडेला धरा. बोट सापडलंच तर हिसडा मारू नका, हिसड्याने पकड घट्ट होते. हात खाली टेकवून त्याला जमीन किंवा पाणी मिळू द्या, बहुतेकदा तोच सोडून पळतो. डेंगा पिरगाळून तोडू नका. खेकडा स्वतःहून टाकतो तेव्हा तो ठरलेल्या सांध्यावर तुटतो आणि जखम लगेच बंद होते. आपण मध्येच तोडला तर रक्त वाहून तो मरू शकतो. नवा डेंगा कात टाकल्यावरच येतो, तोही आधी लहान. अडकित्ता गेला, तर पुढच्या काती टाकताना कधी कधी डावाच डेंगा जाड होतो, म्हणून खडपात अधूनमधून डावखुरा दिसतो.