कवंदीचे चार कोपरे

सिद्दी म्हटलं की आपली गाडी थेट जंजिऱ्यावर जाते. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्टीतले सिद्दी कुणाच्या गावीही नसतात. यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, तिथून घाट चढून निसटलेले. बोली कोकणी-मराठीच्या वळणाची. उत्तर कन्नड जिल्ह्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, ती कवंदी.

कापडाचं जतन हा माझा धंदा. एका प्रदर्शनासाठी माझ्याकडे कवंदी आली ती फ्रेममध्ये ताणून. कडा सरळ दिसाव्यात म्हणून फ्रेमवाल्याने चारही कोपऱ्यांची फुलं मागे दुमडून स्टेपल ठोकले होते. चौकोनी तुकड्याची घडी घालून कोपऱ्यावर बसवतात ते हे फूल. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं शिवणाऱ्या बायका मानतात.

खाली जुनी साडी अंथरतात. सुरुवात एका कोपऱ्यातून. तुकड्याची कड आत मुडपायची, धावदोऱ्याने साडीवर बसवायची, शेजारी पुढचा तुकडा. चारी बाजू फिरून झाल्या की आतली रांग, असं करत मध्यापर्यंत. आधी आखणी नाही, टाचणी नाही. तुकडा आणि अस्तर एकाच दोऱ्यात धरले जातात, त्यामुळे एक टाका उसवला तर दोन्ही सुटतात. आणि हातात घेऊन फिरवत शिवलेल्या गोधडीला वरची बाजू कुठून असणार? कॅटलॉगात मात्र 'वर' असा बाण काढलेला.

स्टेपल समोरून ओढला तर गंज कापडात घासतो. मागून पातळ पाती सारून दोन्ही पाय उभे केले, मग एकेक उपसला. घड्या मोडायला पाणी नको. वाफ जाऊ देणारं कापड, त्यावर ओलसर टिपकागद, वर काच. फुलं हळूहळू उलगडली. टांगायला वेल्क्रोची मऊ पट्टी सुती फितीवर शिवली आणि फीत मागच्या साडीला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर विभागतं. उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत.

धुण्यावरून वाद झाला. चुलीच्या धुराचा वास होता आणि क्युरेटरला तो नको होता. पण धुवायचं तर आधी प्रत्येक रंगाला पाण्याचा थेंब देऊन टिपकागद दाबायचा, रंग सुटतो का ते बघायचं. इथे शंभरावर तुकडे, प्रत्येकाचा रंग वेगळा. एक लाल सुटला की शेजारचा पांढरा गेला. नायलॉनच्या जाळीवरून व्हॅक्यूम फिरवला आणि थांबले.

पाटीवर 'अज्ञात कारागीर' लिहिलं होतं. खरेदीच्या फायलीत बाईंचं नाव, गाव, नातवाचा फोन नंबर, सगळं होतं. फाईल उघडायचे कष्ट कोण घेणार! फोन लावला. धुराच्या वासाचं सांगितल्यावर बाई हसल्याच. नदीवर धुवा, उन्हात घाला, फाटली तर वरून तुकडा लावा, म्हणाल्या.

आमच्या शास्त्रात नवा तुकडा लावणं म्हणजे मूळ वस्तूत ढवळाढवळ. त्यांच्या लेखी तीच देखभाल. नाव पाटीवर चढलं, कवंदी न धुताच टांगली. पण बाई स्वतः येऊन तुकडा लावते म्हणाल्या असत्या, तर कुठल्या तोंडाने नाही म्हटलं असतं, हे मला अजून सुटलेलं नाही.