पिवळा टीशर्ट, १८ नंबर आणि "पण ती जिंकली काय?"

माझ्या टीशर्टवरचं फुटबॉलवालं नाव कोणाचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर एवढं टाइप करायचा माझा स्वभाव नाही.

रविवारी सकाळी भाजी आणायला जाताना मी एक पिवळा टीशर्ट घालते, पाठीवर १८ नंबर आणि वर कायसेदो लिहिलेलं. आता नेरूळमध्ये पिवळं म्हणजे चेन्नई आणि १८ म्हणजे कोहली, त्यामुळे आमच्या भाजीवाल्या काकांनी एकदा अगदी काळजीने विचारलं, "ताई, कोहली चेन्नईत गेला का?" दुसरी कॅटेगरी म्हणजे रात्री इंग्लिश फुटबॉल बघणारी बिल्डिंगमधली पोरं, ती म्हणतात अरे वा काकू चेल्सी फॅन. नाही रे बाबांनो, चेल्सीचा मोइसेस कायसेदो इक्वेडोरचा, त्यांची जर्सी पण पिवळीच असते हा माझा दोष नाही. माझी कायसेदो म्हणजे लिंडा. कोलंबियाची. जन्म २२ फेब्रुवारी २००५, रेआल माद्रिदच्या बायकांच्या टीममध्ये खेळते, डावीकडून.

एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "बरं, मग ती जिंकली काय?"

ऑफिसात विचारतात, नणंदेच्या नवऱ्याने गणपतीत आरती संपल्या संपल्या विचारलं, भाचीच्या मैत्रिणीही विचारतात. आणि प्रश्न चुकीचा नाहीये. ती २०२३ च्या फेब्रुवारीत माद्रिदला गेली आणि पुढची दोन-अडीच वर्षं क्लबकडून हातात मोठी ट्रॉफी एकही नाही. स्पेनमध्ये बायकांच्या फुटबॉलमध्ये बार्सिलोना म्हणजे बार्सिलोना, बाकीचे दुसऱ्या नंबरसाठी भांडतात. देशाकडून फायनल खेळली तर तिथेही हरली, आणि त्यातली एक मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तिथूनच सुरू करते, कारण माझं हे खूळ तिथूनच सुरू झालं.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार, डी. वाय. पाटील स्टेडियम. मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात होता हे किती जणांना आठवतंय? आपली टीम भुवनेश्वरला तिन्ही मॅच हरली, ८-०, ३-०, ५-०, आणि मग लोकांनी तो वर्ल्ड कपच बंद झाल्यासारखं केलं. फायनल मात्र आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त, भाची तेव्हा बारा वर्षांची आणि शाळेच्या टीममध्ये राइट बॅक (उजव्या बाजूची डिफेंडर, म्हणजे समोरच्यांच्या डावीकडच्या खेळाडूला अडवणारी), म्हणून तिला घेऊन गेले. खरं सांगायचं तर मी पर्समध्ये मासिक टाकून नेलं होतं वाचायला.

स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाच्या कुठल्याही टीमने, पुरुषांच्याही धरून, फिफाच्या वर्ल्ड कपची फायनल गाठायची ती पहिलीच वेळ. गोव्याला फातोर्ड्यात नायजेरियाला पेनल्टीवर ६-५ हरवून आल्या होत्या. मडगावचा मामेभाऊ ती सेमीफायनल बघून आला होता आणि त्याने फोनवर एवढंच सांगितलेलं, "ती डावीकडची पोरगी बघ, बाकी नंतर."

तर बघितली. पहिली दहा मिनिटं मला काहीच विशेष दिसलं नाही, बारीकशी पोरगी, लाइनला चिकटून उभी, बॉल दुसरीकडे असेल तेव्हा चालत असते. मग तिच्याकडे बॉल आला आणि भाची म्हणाली मावशी बघ, ती थांबली. खरंच थांबली. बाकीच्या सगळ्या बॉल मिळाला की पळतात, ही बॉल पायाखाली घेऊन समोरच्या डिफेंडरसमोर अर्धा सेकंद उभी राहते, बस येत्ये का बघायला उभं राहतात तशी, आणि त्या डिफेंडरला काय करावं सुचत नाही, ती एक पाय पुढे टाकते की संपलं, ही त्याच पायाच्या बाजूने गेलेली असते. भाची राइट बॅक ना, तिला बरोबर कळलं. म्हणाली, मला ही समोर नको. मासिक पर्समध्येच राहिलं.

मॅच ०-० चालू होती ती ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्याच डिफेंडरच्या पायाला लागून बॉल आत गेला. ओन गोल. १-० स्पेन, संपलं. लिंडाला स्पर्धेतल्या दुसऱ्या नंबरच्या खेळाडूचा सिल्व्हर बॉल मिळाला, तो घेताना तिचा चेहरा मोठ्या स्क्रीनवर दाखवला, शाळेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्यावर मुलांचा होतो तसा.

घरी येऊन मी गूगल केलं तेव्हा मला खरा धक्का बसला. मला वाटत होतं ही एक शाळकरी पोरगी, पहिल्यांदा देशाबाहेर आलेली वगैरे. तर बाई, ती नेरूळला आली तेव्हाच अर्धं करिअर करून आलेली! गाव व्हिजागोर्गोना, काली शहराच्या जवळ, व्हाये देल काउका प्रांतात, म्हणजे तिकडचा उसाचा पट्टा, आपलं कोल्हापूर-सांगली समजा. २०१९ मध्ये १४ व्या वर्षी अमेरिका दे काली या क्लबच्या सीनियर टीमकडून खेळायला लागली आणि त्याच वर्षी लीग जिंकली. त्याच वर्षी देशाच्या मोठ्या टीममध्ये. १४ व्या वर्षी.

आणि २०२० मध्ये ओव्हरीचा कॅन्सर. १५ वर्षांची. ऑपरेशन, केमो, वरून कोव्हिड. आमच्या घरात मावशीची केमो झालीये म्हणून सांगते, ते संपल्यावर दुसऱ्या मजल्याचा जिना चढायला मावशीला मध्ये स्टूल ठेवावं लागायचं, ते स्टूल नंतर कित्येक महिने जिन्यातच होतं. ही पोरगी २०२१ मध्ये डेपोर्तिवो कालीकडून परत लीग जिंकत होती. तर "जिंकली काय"चं एक उत्तर हे आहे, सोळाव्या वर्षापर्यंत दोन लीग. पण ते मी सहसा देत नाही कारण मग समोरचा "अरेरे कॅन्सर" मोडमध्ये जातो आणि फुटबॉलचं बोलणंच राहतं. तिने स्वतः पण त्याचा बाऊ केलेला मी बघितला नाही.

आता ती कोलंबिया सोडून का गेली, हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांची बायकांची प्रोफेशनल लीग सुरू झाली २०१७ ला, आणि ती चालायची वर्षातले काही महिने. उरलेलं वर्ष काय करायचं? काही नाही, घरी बसा. २०१९ मध्ये इसाबेला एचेव्हेरी आणि मेलिसा ऑर्तिझ या दोन खेळाडूंनी उघडपणे सांगितलं की आम्हाला पैसे मिळत नाहीत, जुने कपडे घालायला देतात. २०२२ च्या जुलैत कोलंबियातच कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा होती, दुसऱ्या सहामाहीची लीग रद्द झालेली, तर टीम राष्ट्रगीताला मुठी वर करून उभी राहिली. आणि त्याच स्पर्धेत फायनलला गेली! ब्राझीलकडून १-० हरली, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू लिंडा, वय १७. म्हणजे खंडातली बेस्ट खेळाडू आणि सहा महिने घरी लीग नाही. भाचीच्या क्लबची मुलींची स्पर्धा गेल्या वर्षी दोन आठवड्यांत आटपली, त्यामुळे मला हे समजायला कोलंबियाला जावं लागलं नाही.

मग लगेच का नाही गेली? कारण फिफाचा नियम आहे, १८ पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये ट्रान्सफर नाही, काही अपवाद सोडले तर. पोरांना फूस लावून नेतात आणि वाऱ्यावर सोडतात म्हणून केलेला नियम, चांगलाच आहे. तर २२ फेब्रुवारी २०२३ ला ती १८ ची झाली आणि २४ तारखेला रेआल माद्रिदने जाहीर केलं. दोन दिवस. केक फ्रिजमध्ये असेल अजून.

लोक म्हणतात बार्सिलोनाला जायला हवं होतं, ट्रॉफ्या मिळाल्या असत्या. असेल. पण माद्रिदची ही बायकांची टीम या नावाने २०२० पासूनची, आधी ताकोन नावाचा वेगळा क्लब होता तो त्यांनी घेतला, म्हणजे ती गेली तेव्हा टीमला तीन वर्षंसुद्धा पूर्ण नव्हती झालेली. मला विचाराल तर तिला तिथे मिळालं काय, तर ऑगस्ट-सप्टेंबरपासून मे-जूनपर्यंत काम. दर आठवड्याला मॅच, पगार, डॉक्टर, मैदान. आपल्याला नोकरीत हे इतकं गृहीत असतं की ही काय मिळकत असं वाटतं.

आणि दमली होती हो ती. ऑगस्ट २०२२ ला कोस्टा रिकात अंडर-२० वर्ल्ड कप, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे अंडर-१७, आणि २०२३ च्या जुलैत ऑस्ट्रेलियात मोठ्यांचा. साधारण वर्षभरात तीन वर्ल्ड कप, तिन्हीत गोल. सिडनीत कोरियाला हरवलं, तिनेही एक गोल मारला, आणि नंतर प्रॅक्टिसमध्ये छातीला हात लावून खालीच पडली. आम्ही व्हिडिओ बघून घाबरलो. टीमकडून सांगितलं की थकवा आणि ताण. तीन दिवसांनी जर्मनीसमोर खेळायला उभी.

तो गोल तुम्ही शोधून बघाच, ५२ वं मिनिट. बॉक्समध्ये गर्दी, बॉल तिच्याकडे येतो आणि परत तेच, थांबते. जर्मनीच्या दोघी समोर, दोघींची उंची हिच्यापेक्षा बरीच. डाव्या बाजूने दाखवलं, उजव्या पायाने बॉल आत ओढला, दोघींच्या मधून निघाली आणि लांबच्या वरच्या कोपऱ्यात वळवला, गोलकीपरने उडी मारली ती फोटोसाठी. त्या वेळी आमच्याकडे रविवार दुपार, वरण उतू गेलं. जर्मनीने शेवटी पेनल्टीवर बरोबरी केली आणि तरी ९७ व्या मिनिटाला मानुएला व्हानेगासने हेडर मारून २-१ केलं. क्वार्टर फायनलला इंग्लंडकडून २-१ हरल्या.

माद्रिदचं सांगायचं तर २०२५ चा मार्च सांगते. १८ तारखेला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची क्वार्टर फायनल, लंडनची आर्सेनल माद्रिदला आलेली, पाऊस पडून मैदानाचा पार चिखल, भातलावणी करावी असा, आर्सेनलवाले मैदानावरून वैतागलेले. त्या चिखलात पहिला गोल लिंडाचा, मॅच २-०. पाचच दिवसांनी माद्रिदने बार्सिलोनाला त्यांच्या घरी ३-१ हरवलं, बायकांच्या क्लासिकोत (माद्रिद-बार्सिलोना मॅचला क्लासिको म्हणतात) पहिल्यांदाच, तोवरच्या सगळ्या हरलेल्या. मी त्या आठवड्यात ऑफिसात जरा जास्तच बोलले. मग परतीच्या मॅचला आर्सेनलने लंडनमध्ये ३-० मारलं, दोन्ही मॅचचे गोल मिळून माद्रिद बाहेर, आणि तो कप शेवटी आर्सेनलनेच नेला.

ऑगस्टमध्ये कोपा अमेरिकेची फायनल, क्विटोला, परत ब्राझील. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पहिला गोल लिंडाचाच. कोलंबिया तीनदा पुढे, तीनदा बरोबरी, ९० मिनिटं संपून वरच्या वेळात ब्राझीलच्या ३९ वर्षांच्या मार्ताने ३-३ केलं, मग एक्स्ट्रा टाइममध्ये ४-४, मग पेनल्टी. ५-४ ब्राझील. भाची, आता पंधरा वर्षांची, माझ्या शेजारी सोफ्यावर, तोंडावर उशी घेऊन.

सकाळी नणंदेच्या नवऱ्याचा मेसेज. "जिंकली का?"

मी लिहिलं, नाही, पेनल्टीवर गेली.

"परत?"

परत. भाचीने माझ्या हातातून फोन घेतला आणि टाइप केलं, "काका, वीस वर्षांची आहे ती." आणि झोपायला गेली, साडेदहाला तिची प्रॅक्टिस होती.