हस्तलिखितातलं माझं अक्षर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचा निरोप आला, "लेखनाची सुरुवात, छंद, घरचं वातावरण असं काहीतरी लिहून द्या, शाळेचा उल्लेख मात्र हवा." शाळेला वगळून माझ्या लिहिण्याची गोष्ट सांगताच येणार नाही, तेव्हा ती अट मला जड नाही. अवघड आहे ते घरच्या वातावरणाचं. ते साहित्यिक वगैरे मुळीच नव्हतं. वडील एस.टी.च्या डेपोत हिशेबनीस. आईला वाचायला सवड मिळायची ती दुपारची भांडी आवरल्यावर, आणि नेमकी तेव्हाच तिला झोप यायची. घरात छापील मजकूर म्हणजे पंचांग, दोन-तीन पोथ्या आणि माझ्या हट्टापायी येणारा 'किशोर'चा अंक.

पण आम्ही राहायला होतो वाईच्या गंगापुरीत, आणि शेजारचे काका मराठी विश्वकोशाच्या कचेरीत कामाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे विश्वकोशाचं काम वाईत आलं हे इथल्या माणसाला सांगायला नको. आम्हा पोरांना मात्र त्याचं कौतुक एवढंच, की तिथली रद्दी काका घरी आणायचे. गॅली प्रुफांच्या, म्हणजे छपाईआधी चुका तपासायला काढलेल्या मजकुराच्या, लांबलचक पट्ट्या, एका बाजूला छापलेल्या, समासात शाईच्या खुणा केलेल्या. पाठकोरी बाजू गणितं सोडवायला. पहिला खंड १९७६ साली निघाला, 'अंक' ते 'आतुरचिकित्सा'. त्यामुळे त्याआधीचे काही महिने आमच्या घरात सगळं जग 'अ'चंच होतं : अफू, अजिंठा, अस्वल. पट्टी कुठेही फाटलेली असायची. अस्वल झाडावर चढायला लागलं की कागद संपायचा. मग पुढचं मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. माझं अस्वल खाली उतरून थेट कृष्णेवर पाणी प्यायला यायचं, तेही गणपती घाटावर. गणितं राहायची ती राहायचीच.

त्या खुणा कसल्या, हे काकांनीच शिकवलं. हा शब्द काढा, हे दोन शब्द जोडा, इथून नवा परिच्छेद. कुणीतरी एवढं विद्वान लिहितं आणि दुसरं कुणीतरी बसून त्यातले शब्द उडवतं, याची मला फार मजा वाटली. लिहिण्याआधी मला खोडण्याची गोडी लागली म्हणा ना.

ती कामी आली आठवीत. शाळेच्या हस्तलिखितासाठी, म्हणजे मुलांचे लेख हाताने लिहून काढलेल्या अंकासाठी, मराठीच्या बाईंनी मला निवडलं ते लेखनासाठी नव्हे, अक्षरासाठी. माझे निबंध बाईंना 'बरे' वाटत, अक्षर 'फारच छान'. शनिवारी दुपारी चित्रकलेच्या वर्गात बसायचं. जाड ड्रॉइंग पेपर, पेन्सिलीने आखलेल्या फिक्या रेघा, काळी वॉटरप्रूफ शाई आणि टाक. अक्षर चुकलं तर ब्लेडच्या कोपऱ्याने अलगद खरवडायचं. पण खरवडलेल्या जागी शाई फुटते, म्हणून तिथे आधी खडूची पूड चोळायची, नखाने घोटायची, फुंकर मारायची आणि मगच टाक टेकवायचा. एका शब्दाची दुरुस्ती इतकी महाग पडली, की माणूस पुढचं वाक्य टाक बुडवण्याआधीच मनात नीट करून घेतो.

मुलांचा मजकूर आखलेल्या पानात कधीच मावायचा नाही. बाई म्हणायच्या, "दोन पानांत बसव, कसं ते तू बघ." मी बघायचे! माझ्याच वर्गातल्या एकाने रायगडच्या सहलीचं वर्णन दिलं होतं. त्यात पहाटे उठलो, गाडी उशिरा आली, गाण्यांच्या भेंड्या झाल्या, घाटात तिघांना उलट्या झाल्या, हेच निम्म्याहून जास्त. मी सगळं उडवलं आणि लेख महादरवाजापासून सुरू केला. गॅदरिंगला तो लेख वाचून दाखवला, टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. तो मात्र माझ्याशी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बोलला नाही. अजूनही मेणवलीच्या रस्त्याला भेटला की म्हणतो, "आमच्या उलट्या परत कर." खरं सांगायचं तर आज तो लेख मी लिहायला घेतला, तर त्या उलट्या ठेवीन आणि गडाचा इतिहास थोडा कापीन.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. १९७९ला दहावी, मग पुण्यात कॉलेज, नोकरी, संसार. पहिली कथा एका रविवार पुरवणीत आली, तीही माझं आडनाव चुकवून. छंद विचारलेत, तर नदीत पोहणं वाई सुटल्यावर सुटलं. पाठीला डबा बांधून घाटावर शिकलेल्या माणसाला तरणतलावाचा निळा वास सोसत नाही. टाक आणि निबा जमवणं तेवढं टिकलं. आमचे हे म्हणतात, साडी काढायला कपाट उघडावं तर आधी दौत हाताला लागते. कथेचा पहिला खर्डा मी अजून पाठकोऱ्या कागदावरच करते. कोऱ्या करकरीत वहीचं मला दडपण येतं.

आता समितीला माझी एक विनंती. मागच्या वर्षी ग्रंथालयात जाऊन ती हस्तलिखितं पाहिली. प्रत्येकाची एकच प्रत, कपाटाची काच तडकलेली, आणि आमच्या वर्षीच्या अंकाला शिवणीकडून कसर लागली आहे. महोत्सवाच्या निधीतून कमानीवर रोषणाई जरूर करा, पण आधी ही पानं स्कॅन करून घ्या. मुखपृष्ठं मोठी आहेत, साध्या मशीनवर मावणार नाहीत. पुण्यात असं काम करून देणारे आहेत, त्यांच्याशी मी बोलते. खर्चातला माझा वाटा कळवा. आणि रायगडवाल्यालाही सोडू नका, त्याचं बरं चाललंय.