आठवडा 22 ते 26 : पंपाच्या जाळीतून झालेला दंश

माझ्या 250 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत बबल टिप जातीचे समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा दंश करणारा सागरी प्राणी) चांगले रुळले होते. तापमान 26 अंश, क्षारता दर हजारी 35 आणि दर रविवारी 25 लिटर पाणी बदलायचे, हा क्रम विनाखंड चालू होता. बाविसाव्या आठवड्यात मात्र ते एका रात्रीत खडकावरून सरकत वेव्हमेकरपाशी, म्हणजे पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपापाशी, पोचले आणि त्याच्या चार-पाच शुंडकांची (बोटांसारख्या लवचिक सोंडांची) टोके पंपाच्या जाळीत ओढली गेली. सकाळी वीज बंद करून मी थांबून राहिलो. अर्ध्या तासात ते स्वतःहून सुटले. ओढून काढताना पायाची चकती फाटली असती तर ते वाचण्याची आशा फारच थोडी होती, त्यामुळे ही वाट पाहणे योग्यच ठरले.

चूक त्यानंतर घडली. समुद्रफुलाला हात लावायचा नाही एवढीच खबरदारी मनात असल्याने, टाकीबाहेर काढलेला पंप मी हातमोज्यांशिवाय नळाखाली धरला आणि जाळीतला बुळबुळीत चिकटा अंगठ्याने काढू लागलो. ते पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ओघळले आणि मिनिटभरात तिथे खाजकुइली लागल्यासारखी आग सुरू झाली. बोटांना मात्र काहीच जाणवले नाही. बोटांची आणि तळहाताची कातडी जाड असते, म्हणून बबल टिप हाताला नुसते चिकट लागते आणि आपण त्याला निरुपद्रवी समजून बसतो.

शुंडकांतल्या दंशपेशी (दंश करणाऱ्या सूक्ष्म पेशी) उडण्यासाठी, म्हणजे त्यांतला धागा बाहेर फेकला जाण्यासाठी, समुद्रफूल जिवंत असावे लागत नाही, ही गोष्ट मला वाचून ठाऊक होती. पण ती पंप धुताना आठवली नाही. प्रत्येक दंशपेशीत एक पोकळ धागा वेटोळे करून दाबाखाली बसवलेला असतो. समुद्रफुलांच्याच प्राणिसंघातल्या हायड्रा या छोट्या जलचरात हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 150 पट मोजला गेला आहे. तुटलेल्या शुंडकातल्या पेशीही तशाच भरलेल्या राहतात, आणि गोडे पाणी लागताच त्यांतल्या अनेक उडतात. म्हणजे ज्या नळाखाली मी चिकटा धूत होतो, त्याच नळाने तो दंश ओढवला.

ध्यानात आल्यावर बादलीतले टाकीचे खारे पाणी मनगटावर ओतले, उरलेला चिकटा न चोळता चिमट्याने उचलला आणि मग सोसेल इतक्या गरम, पण 45 अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवला. व्हिनेगर वापरले नाही, कारण काही जातींच्या दंशपेशी त्याने शांत होण्याऐवजी उडतात. पाच-सहा लाल गांधी उठल्या होत्या. आग दोन तासांत ओसरली, खाज मात्र पाच दिवस टिकली.

पंचविसाव्या आठवड्यात काचेवरचे शेवाळ खरवडताना त्याच मनगटावर थेंब उडाला. चिकटा अगदी थोडा असूनही गांधी पहिल्यापेक्षा लवकर आणि मोठ्या उठल्या, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. दंश पुन्हापुन्हा झाल्यास शरीराची प्रतिक्रिया तीव्र होत जाऊ शकते, असे त्यांनी सांगितले. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायचे, असेही बजावले. ज्यांची दमा किंवा ॲलर्जीची प्रकृती आहे, त्यांनी तर पहिला दंशही हलका समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि साधा चष्मा घातल्याशिवाय मी टाकीत हात घालत नाही. पंपाला स्पंजचे आवरण लावले आहे. ते दर दोन दिवसांनी तुंबते, पण तो त्रास मला मान्य आहे. पाणी बदलताना काढलेल्या खाऱ्या पाण्याची एक बादली बाजूला ठेवतो, त्यात पंप व स्पंज हातमोज्यांनिशी खळबळून घेतो, आणि मगच पंप व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवतो. हे हातमोजे काढतानाही बाहेरची बाजू कातडीला लागू देत नाही.

समुद्रफुलाची तुटलेली टोके भरून येत आहेत. ते मागच्या खडकाच्या भेगेत पाय रोवून बसले आहे आणि क्लाऊनफिशची जोडी कालपासून पुन्हा त्याच्या शुंडकांत झोपू लागली आहे.