डॉग बीचवर समुद्र बघायला वेळच मिळत नाही

सॅन डिएगोत तुमच्याकडे कुत्रं आहे हे समोरच्याला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, डॉग बीचला नेलंत का? ऑफिसमधे, व्हेटकडे, लिफ्टमधे, सगळीकडे हेच. आमचं पिठलं (पिवळंधम्मक लॅब मिक्स आहे, नाव नवऱ्याने ठेवलंय, माझ्याशी वाद घालू नका) घरी आल्यापासून हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी गेलोच, आणि आता जातच असतो. ओळखीतलं कुणीतरी दर महिन्याला कुत्रं घेतं आणि मला मेसेज करतं, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते.

तर हा बीच ओशन बीच नावाच्या भागात, म्हणजे सगळे ज्याला ओबी म्हणतात तिथे, एकदम उत्तर टोकाला आहे. व्होल्टेअर स्ट्रीट पश्चिमेला जिथे संपतो तिथे पार्किंग आणि पुढे सॅन डिएगो नदीचं मुख. १९७२ पासून इथे कुत्री पट्ट्याशिवाय सोडायची अधिकृत परवानगी आहे, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या अशा बीचेसपैकी हा एक, आणि चोवीस तास उघडा असतो. याचं एवढं कौतुक का, तर शहराच्या बाकीच्या बहुतेक बीचेसवर पट्टा लावूनच न्यायचं आणि तेही ठरलेल्या वेळेत, एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर, बाकी महिने सकाळचं तेच, दुपारी मात्र ४ नंतर. नोकरी करणाऱ्या माणसाने कधी जायचं सांगा.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, एवढी सगळी मोकळी? आणि भांडली म्हणजे?" मलाही आधी हेच वाटायचं. पण बघत राहिलं की लक्षात येतं, मोकळी कुत्री सरळ तोंडावर चालून येत नाहीत, जरा वळसा घालून बाजूने येतात, मागून वास घेतात, पटलं तर पुढचे पाय खाली टेकून ढुंगण वर करतात म्हणजे चल खेळू, नाही पटलं तर निघून जातात. पट्टा ताणलेला असला की हे सगळं करताच येत नाही, ना वळसा घालता येत ना मागे सरता येत, मग उरतं काय तर भुंकणं. फुटपाथवर पट्ट्याने बांधलेलं पिठलं समोरच्या पूडलवर गुरगुरतं आणि इथे त्याच साइजचं पूडल आलं तर ढुंकूनही बघत नाही.

कुरबुरी होतात त्या दोन ठिकाणी. एक म्हणजे पार्किंगमधून वाळूवर उतरतो तिथे. लग्नाच्या हॉलच्या दारातच सगळे नातेवाईक गप्पा मारत उभे असतात ना, तसे इथे लोक उतरले की तिथेच थांबतात आणि प्रत्येक नव्या कुत्र्याभोवती सात-आठ कुत्र्यांचा घोळका होतो, बिचारं शेपूट पोटाखाली घालून उभं. त्यामुळे थांबायचंच नाही, पट्टा काढला की सरळ चालायला लागायचं, तुम्ही चाललात की कुत्रं पण चालतं आणि घोळका सुटतो. दुसरं भांडणाचं कारण बॉल. स्वतःचा बॉल दुसऱ्याने उचलला की एरवी गरीब असलेलं कुत्रं पण दात दाखवतं. गर्दीत आम्ही बॉल बाहेर काढतच नाही. शिवाय टेनिस बॉलला ओली वाळू चिकटली की तो सँडपेपरचं काम करतो, दात घासून निघतात, आमच्या व्हेटने ते दाखवून सांगितलं होतं.

आणि एक जमात असते, फोन कानाला, कॉफी हातात, कुत्रं पन्नास मीटरवर कुणाच्यातरी पिकनिकच्या चादरीवरून धावत असतं आणि हे लांबूनच ओरडतात, "डोन्ट वरी, ही इज फ्रेंडली!" अरे तुझं असेल, माझं आत्ता घाबरलेलं आहे त्याचं काय. माझं स्पष्ट मत आहे की इथे कुत्र्यांचा त्रास कमी आणि मान खाली घालून फोन बघणाऱ्यांचा जास्त. मोकळ्या बीचवर आपलं काम एकच, बघत राहायचं. कुत्रं ताठ झालं का, ओठ चाटतंय का, सारखं आपल्या पायांत येतंय का. येत असेल तर त्याला पुरे झालंय, "जा ना खेळ" म्हणून ढकलायचं नाही, घरी न्यायचं. दोन तास जाऊन आल्यावर नवरा विचारतो सनसेट कसा होता, मला काय माहीत!

हाक मारल्यावर येतं की नाही हे मात्र आधी पक्कं करा. हॉलमधे चीज दाखवल्यावर धावत येणारं कुत्रं सीगल्स, दहा नवे वास आणि कुणाचातरी सॅंडविच समोर असताना येईलच असं नाही. आम्ही सुरुवातीला वीकडेला एकदम सकाळी जायचो, गर्दी नसताना, आणि मधेच बोलवायचं, खाऊ द्यायचा, परत सोडायचं. हे परत सोडणं महत्त्वाचं, नाहीतर हाक म्हणजे घरी जायची वेळ हे त्यांना लगेच कळतं आणि मग गाडीपाशी पकडापकडी. अजून एक, विमानतळावरून उडालेली विमानं इथे बरोबर डोक्यावरून जातात, आवाजाला घाबरणारं कुत्रं असेल तर पहिल्या दिवशी पट्टा काढूच नका.

निघण्याआधी भरती-ओहोटीचं टेबल बघा. ओहोटीला वाळू प्रचंड रुंद होते, लांबवर जाता येतं, भरतीला सगळे वाळूच्या एकाच चिंचोळ्या पट्टीत येतात. नदीच्या बाजूचं पाणी शांत दिसतं म्हणून लहान कुत्र्यांना लोक तिथे सोडतात, पण ओहोटी लागली की मुखातलं पाणी बाहेर समुद्राकडे ओढ घेतं, तेव्हा तिथे पोहायला नको.

गोडं पाणी भरपूर न्या आणि दर थोड्या वेळाने पाजा. तहानलेलं कुत्रं समुद्राचं पाणी पितं, मग उलट्या, जुलाब, आणि फार प्यायलं तर रक्तातलं मीठ वाढून जिवावर बेतू शकतं. वाळूतला बॉल सारखा तोंडात धरून वाळूही पोटात जाते, ती जास्त झाली तर आतडी तुंबतात. किनाऱ्यावर मेलेला सी लायन दिसला तर लगेच पट्टा. २०२३ आणि २०२५ मधे इथे एका शेवाळाच्या विषाने, डोमोइक अॅसिड म्हणतात त्याला, खूप सी लायन आजारी पडले, बरेच मेले, आणि एरवीही त्यांच्याकडून लेप्टो होऊ शकतो. पिठल्याला अशा कुजक्या वासात लोळणं म्हणजे स्वर्ग, त्यामुळे मी त्याच्या आधी बघायचा प्रयत्न करते, नाक त्याचं चांगलं आहे पण माझी उंची जास्त.

पाऊस पडला तर तीन दिवस विसरा. पाऊस थांबल्यावर ७२ तास समुद्रात उतरू नका असं काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, सांगतंच, आणि इथे तर शहरभरातून आलेली नदीच येऊन मिळते, रस्त्यावरची सगळी घाण घेऊन. त्या घाणीत आपल्या कुत्र्यांचाही वाटा असतो हो. पिशवी वापरा, आणि भरलेली पिशवी "जाताना उचलू" म्हणून वाळूवर ठेवून जाऊ नका, कुणी उचलत नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, बोटांच्या मधे आणि कान नीट कोरडे करायचे. उन्हाळ्यात पार्किंगच्या कडेच्या वाळलेल्या गवताची कुसळं पण तपासा, फॉक्सटेल म्हणतात, ती पंजात किंवा कानात शिरली की एकाच दिशेने आत जात राहतात आणि मग ऑपरेशनच.

शनिवार-रविवारी दुपारी आम्ही ओबीला जातच नाही, मिशन बे नावाच्या खाडीतल्या फिएस्टा आयलंडला जातो. तिथेही पट्टा सोडता येतो, लाटा नाहीत, आणि खरं सांगायचं तर पिठल्याला लाटा आवडतच नाहीत, ओबीला ते पाण्यापासून हातभर लांब राहून लाटेवर भुंकतं. बेमधे मात्र पोटापर्यंत पाण्यात जाऊन नुसतं उभं राहतं, कितीही वेळ. पार्किंगही मिळतं.