हळीव फुलावर आले

हळीव ताटात कोंबासारखे उगवून कापून खाणारे पुष्कळ आहेत. यंदा मी थोडी रोपं न कापता ठेवलीत. बियांपर्यंत न्यायचीत.

बी किराणा दुकानातलंच, लाडवांसाठी आणलेलं. दिवाळीनंतर हवा गार झाल्यावर पसरट कुंडीत माती, गांडूळखत आणि थोडी वाळू कालवून कोरडंच भुरभुरलं. आधी भिजवायचं नाही. पाणी लागलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो, दाणे एकमेकांना चिकटतात आणि मग पेरणार काय, गोळा? वरून मातीचा नुसता हात फिरवला आणि फवाऱ्याने पाणी दिलं.

पहिली जोडी उगवली की वाकून बघा. मोहरी-मुळ्याची पहिली पानं बदामी आकाराची असतात. हळिवाच्या प्रत्येक पहिल्या पानाला तीन बोटं फुटलेली. तणातून ओळखायला एवढी खूण पुरते. पुढे खालची पानं कातरलेली आणि वरची अरुंद, साधी येतात. विरळणी केलेली रोपं कोशिंबिरीत गेली. चव तिखट, नाकात चढणारी.

आता झाडं फूटभर झालीत आणि शेंड्यावर पांढरी फुलं आहेत. लांबून काहीच दिसत नाही. भिंगातून मात्र चार पाकळ्यांची फुली आणि आत सहा पुंकेसर, चार लांब, दोन आखूड. अगदी मोहरीच्या घराण्याचा शिक्का! खालच्या फुलांच्या जागी चपट्या, गोलसर शेंगा धरल्यात, टोकाला बारीकशी खाच. शेंगेत दोन कप्पे, कप्प्यात एकेक दाणा. म्हणजे लाडवापुरते हळीव हवेत तर गच्ची पुरायची नाही.

शेंड्यांवर मावा आला होता. पाण्याचा जोरदार फवारा मारला, उरलेल्यावर निंबोळी अर्क. आता आटोक्यात आहे.

एक जोडधंदा: घरचं कंपोस्ट पिकलंय का, हे हळीव छान सांगतात. कंपोस्ट पाण्यात ढवळून गाळायचं, त्यात भिजवलेल्या टीपकागदावर दाणे ठेवायचे, शेजारी साध्या पाण्यावर तेवढेच. कंपोस्टकडची मुळं आखूड राहिली तर ते अजून कच्चं आहे. प्रयोगशाळांतही या कामाला हळीवच वापरतात. माझ्या नव्या ढिगाची मुळं खुरटलीत, तो फाल्गुनापर्यंत तरी हलवत नाही.

शेंगा खालून वर पिकत जातात आणि वाळल्या की फुटतात. म्हणून खालच्या तपकिरी झाल्या की अख्खी झाडं कापून कागदी पिशवीत उलटी टांगणार आहे. घरचं बी दुसऱ्या वर्षी कुणी लावलंय का? उगवण कशी होती ते कळवा.