पेट्रोल पंपाच्या तपासणी बोअर आणि आमची विहीर

गावच्या पेट्रोल पंपाचं तेल भूजलात मुरलंय का, हे बघायला मारलेल्या बोअरच्या पाण्याचा अहवाल आला होता. त्याच्या तक्त्यात चारही बोअरपुढं एकच शेरा होता, ‘आढळलं नाही’. पेट्रोलमधली बेंझीन, टोल्युइन ही रसायनं नाहीत, डिझेलचा अंशही नाही. आणि त्याच आठवड्यात काकू शेतातून येऊन म्हणाली होती, ‘अरे, आजबी पाण्याला पंपाचाच वास मारतोय. बैलं तोंड लावीनात.’

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. वर जांभा, त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. रस्त्यालगतच्या पंपाची जमिनीतली जुनी टाकी गळत होती. ती काढली, नवी बसवली. पण तोवर मुरलेलं तेल जमिनीतच राहिलं. आम्ही पंचायतीच्या पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज दिले. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. तरी मी कानडीत अर्ज लिहून घेतला आणि सोबत मराठी प्रत जोडली, कारण सही करणाऱ्या शेजाऱ्यांना आपण कशावर सही करतोय ते कळायला हवं होतं.

पंपवाल्यांनी सल्लागार नेमून बोअर मारल्या, नमुने घेतले आणि अहवाल छाननीसाठी मंडळाकडं गेला. ‘पाणी स्वच्छ आहे’ एवढ्यावर फाइल बंद होणार, असं सगळेच म्हणायला लागले. मला ते पटेना. विहीर खोटं बोलत नव्हती.

माहिती अधिकारात 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून कागद मागितले. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. नुसती ‘अहवालाची प्रत’ मागू नका. बोअर खोदताना किती मीटरवर काय लागलं त्याची नोंद, पाइपाचा आराखडा, पाण्याची पातळी तारखेसह आणि प्रयोगशाळेची मूळ पत्रकं, असं एकेक नाव घेऊन मागा. खरी गोष्ट या मागच्या पानांत असते.

माझा मामेभाऊ धारवाडला भूगर्भशास्त्र शिकलेला. त्यानं आराखड्यावर बोट ठेवलं. तपासणी बोअरच्या पाइपाला ठरावीक खोलीतच बारीक चिरा असतात. पाणी तेवढ्यातूनच आत येतं, बाकीचा पाइप सलग, आणि बाहेरून बेंटोनाइट माती व सिमेंट भरून बंद केलेला. आमच्याकडच्या चिरा जमिनीखाली 12 ते 18 मीटरवर होत्या. बोअर मारल्या मे महिन्यात, तेव्हा पाणी 13 मीटरवर होतं, म्हणजे त्या वेळेपुरतं बरोबरच. पण नमुने घेतले ऑगस्टमध्ये. आमच्या भागातला पाऊस सगळ्यांना माहीत आहे. तोवर पाणी 4 मीटरपर्यंत चढलं होतं. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, ती पाण्यावर तरंगतात. पाण्याच्या वरच्या पातळीवर चिराच नाहीत, तर तो थर बोअरमध्ये येणार कुठून? वरची साय तशीच ठेवून तळातलं दूध काढायचं आणि दुधावर साय नाही म्हणायचं, तसलाच हा प्रकार. विरघळलेला अंश खाली जाऊ शकतो, पण तो सापडला नाही म्हणून वर काही नाही, असं होत नाही.

दुसरं म्हणजे चारही बोअर पंपाच्या आवारात, रस्त्याला समांतर, एका ओळीत. भूजल कुठल्या बाजूला वाहतं हे ठरवायला एका ओळीत नसलेली निदान तीन ठिकाणं लागतात आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडाची उंची लेव्हल लावून मोजावी लागते. आमची विहीर ओढ्याच्या अंगाला, उतारावर. त्या बाजूला एकही बोअर नव्हती.

हे सगळं मी दोन पानांत लिहून मंडळाला दिलं. आरोप एकही केला नाही, फक्त त्यांच्याच पानांचे क्रमांक देऊन प्रश्न विचारले. मंडळाच्या बैठकीत पंपवाल्यांचे सल्लागार म्हणाले, ‘प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे, निकाल बरोबरच आहे.’ मी म्हटलं, ‘साहेब, निकाल बरोबर असेल. पण तो कुठल्या पाण्याचा आहे?’ मंडळाच्या अधिकाऱ्यांनी आराखडा समोर ओढला आणि बराच वेळ बघत राहिले. अहवाल शेरे लिहून परत गेला. ओढ्याच्या बाजूला नव्या बोअर मारा, चिरा उन्हाळी आणि पावसाळी अशा दोन्ही पातळ्यांना पुरतील अशा ठेवा, दर महिन्याला पातळी मोजा, शेजारच्या विहिरी यादीत घ्या. हे वाचून मला भरून आलं, खरं सांगतो.

नव्या बोअरच्या तपासणीला मी आणि काकू दोघं हजर होतो. पारदर्शक नळी दोरीनं हळू खाली सोडली. वर आली तेव्हा खाली नितळ पाणी आणि त्यावर बोटभर जाडीचा मधाच्या रंगाचा थर. वास तर लांबूनच आला. तिथं त्यांनी फक्त थराची जाडी मोजली. आमच्या विहिरीचं पाणी मात्र काचेच्या 40 मिलीच्या कुप्यांत घेतलं. प्रयोगशाळेच्या मुलीनं कुपी काठोकाठ भरली, टोपण लावलं आणि उलटी करून बघितली. आत बारीक बुडबुडा दिसला, तशी ती कुपी बाजूला टाकून दुसरी भरली. काकूनं विचारलं, ‘पोरी, एवढ्याशा बुडबुड्यानं काय बिघडतं?’

‘मावशी, बेंझीन त्या हवेत निघून जातं. मग कागदावर पाणी आहे त्याहून चांगलं दिसतं.’

कुप्या बर्फाच्या पेटीत गेल्या, प्रत्येकीवर वेळ आणि सही. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी लिटरला 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. आमच्या विहिरीचा आकडा तिच्या वर निघाला.

आता तरंगणारं तेल उपसायचं काम सुरू आहे. पाणी वरखाली होईल तसं तेल मुरमाला चिकटत जातं, त्यामुळं एका उपशात ते संपत नाही. पिण्याचं पाणी पंचायतीच्या नळाचं, आणि बैलांसाठी शेजारच्या मळ्यातून आणतो. जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले. त्यांत संशयित जागांची यादी स्थानिक प्रशासनानं मंडळाकडं द्यायची, मंडळानं प्राथमिक तपासणी करायची आणि सफाईचा खर्च जबाबदार ठरलेल्याकडून घ्यायचा, अशी तरतूद आहे. आमची जागा त्या यादीत घ्यावी म्हणून सगळ्या नोंदी जोडून अर्ज दिला आहे. या वेळी शेजारच्या मळेवाल्यांच्याही सह्या आहेत आणि प्रत्येकानं आपापल्या विहिरीची पातळी लिहून ठेवायला सुरुवात केली आहे.